शटरच्या आत दोघी

मी दहावीत होते तेव्हा आम्ही भोसरीत, लहान कारखान्यांच्या मागच्या गल्लीत राहायचो. घराच्या भिंतीला लागूनच एक प्रेस शॉप होतं. पत्र्यातून वॉशर कापायचं मशीन तिथं दिवसभर चालायचं. धप्प, धप्प, धप्प. गावाकडून पाहुणे आले की विचारायचे, "असल्या आवाजात लेकरू अभ्यास कसा करतं?" आम्हाला मात्र तो आवाज ऐकूच येत नसे. उलट गुरुवारी सुट्टीला मशीन बंद असलं की मीच मध्येमध्ये वर मान करून बघायचे.

बाबा जालन्याकडून कामासाठी आलेले. चाकणच्या एका कंपनीत होते. आई घरी ब्लाउज शिवायची. आमची खोली ज्यांच्या चाळीत होती ते इथलेच जुने गाववाले. त्यांची जमीन कधीच कारखान्यांखाली गेली होती. आता चाळ आणि एक टेम्पो, एवढंच होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. ती माझी मैत्रीण. उंच, कबड्डी खेळणारी, तोंडाने फटकळ. रस्त्यात कुणी काही बोललं की मी खाली मान घालून पुढे जायचे. ती थांबायची आणि विचारायची, "काय म्हणालास? परत म्हण."

त्या वर्षी आमच्या भागात कोयते निघायला लागले. आधी गाड्यांच्या काचा फुटल्या. सकाळी उठून बघावं तर गल्लीतल्या सगळ्या रिक्षा, टेम्पो आंधळे होऊन उभे. कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. दहशत बसावी, एवढंच कारण. मग एका संध्याकाळी काही पोरं मोटारसायकलींवरून गेली. मागे बसलेल्यांनी कोयते रस्त्याला टेकवून धरलेले होते आणि डांबरावरून ठिणग्या उडत होत्या. लोक बाल्कनीतून बघत होते. खाली कुणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "माय, क्लासहून येताना मोठ्या रस्त्यानं येत जा." पण ती पोरं मोठ्या रस्त्यावरूनच गेली होती.

त्यातल्या एकाला आम्ही ओळखत होतो. नववीपर्यंत तो आमच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत होता. मग शाळेत यायचा बंद झाला. एका भुवईत वस्तऱ्याने चीर पाडून घेतलेली, गळ्यात जाड साखळी. चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला तेव्हा आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. मधोमध तो, गॉगल लावलेला, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्या पोरांचे छोटे छोटे फोटो. माझी मैत्रीण म्हणाली, "याला आठवीत मुलींसमोर छडी खाताना रडू आलं होतं." आम्ही हसलो. हसताना मी मागे वळून पाहिल्याचं मला आठवतं.

क्लास सुटल्यावर आम्ही प्रयोगवहीची पानं झेरॉक्स करायला थांबलो होतो. दिवस मावळायला आला होता, पण दिवे लागले नव्हते. दुकान लहान होतं. आत दुकानवाले काका आणि आम्ही दोघी, आणि बाहेर पायरीवर क्लासमधला मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा. त्याचं त्या पोरांशी मोबाईलवर कसलं तरी भांडण झालं होतं, कुणाच्या तरी फोटोखाली तो काहीतरी लिहून गेला होता. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गाड्या आल्या, त्यांच्या सायलेन्सरचा फटफटाट दुकानासमोर येऊन थांबला, आणि तो मुलगा आमच्या अंगावरून उडी मारून आत आला.

काकांनी शटर ओढलं. ते गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकलं.

त्या मुलाने खाली बसून दोन्ही हातांनी शटरची कड धरली आणि ओढू लागला. आम्ही दोघींनी कडेवर पाय दिले. बाहेरून कोयते शटरवर पडत होते. तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही. पत्र्यावर लोखंड आपटल्याचा आवाज तर मी जन्मापासून ऐकत होते; हा तोच होता, फक्त मधल्या भिंतीशिवाय. मग एक पातं खालून आत आलं. आधी त्या मुलाच्या बोटांवर आलं, नंतर माझ्या टाचेवर. शटर खाली बसलं ते त्यानंतर.

बाहेर कुणीतरी दमल्यासारखं हसलं. मग आवाज आला. भुवईला चीर असलेल्याचाच होता, आम्ही दोघींनीही ओळखला. "आतल्या दोघी कोण हायेत, माहितीय मला."

गाड्या गेल्या. तरीही काकांनी शटर उघडलं नाही. ते कोपऱ्यात बसून फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. आत फक्त मशीनचा हिरवा दिवा होता. गरम कागदाचा आणि रक्ताचा वास एकत्र झाला होता. माझ्या मैत्रिणीने आपली ओढणी त्या मुलाच्या हाताला गुंडाळली आणि घट्ट धरून ठेवली. "झोपू नको," ती म्हणत होती. "ए, डोळे उघड. झोपू नको." पोलीस येईपर्यंत ती एवढंच म्हणत होती.

त्या मुलाची तीन बोटं गेली. जीव वाचला. थोड्याच दिवसांत त्याचे आईवडील त्याला घेऊन गावी निघून गेले, आणि तो आम्हाला पुन्हा कधी दिसला नाही. माझ्या टाचेला टाके पडले. माझ्या मैत्रिणीला साधं खरचटलंही नव्हतं. पोरं पकडली गेली. बहुतेक अठराच्या आतली, म्हणून त्यांना बालसुधारगृहात पाठवलं. चौकात कार्यक्रम झाला. त्या मुलाचा जीव वाचवल्याबद्दल माझ्या मैत्रिणीला शाल, नारळ आणि एक ढाल देण्यात आली. तिच्या आईने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी खाली खुर्चीवर पट्टी बांधलेला पाय समोर घेऊन बसले होते. लोक येऊन म्हणायचे, "थोडक्यात वाचलीस गं." मी हो म्हणायचे.

पहिले काही आठवडे मी खरोखरच बरी होते. जेवत होते, अभ्यास करत होते. टाच भरून आली. मग एका गुरुवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी प्रेस शॉपचं मशीन सुरू झालं, आणि मी भानावर आले तेव्हा आईच्या शिलाई मशीनखाली होते. गुडघे छातीशी, दोन्ही हातांनी मशीनचा पाय घट्ट धरलेला. आई समोर जमिनीवर बसून म्हणत होती, "सोड गं, बाळा. सोड. काही नाही." मी तिथं कशी गेले ते मला आजही आठवत नाही.

त्यानंतर तो आवाज पुन्हा ऐकू येईनासा झाला नाही. प्रत्येक धप्पसरशी मान आखडायची. दोन आवाजांमधली जागा तर जास्तच वाईट, कारण तिथं वाट बघायची असायची. दाराकडे पाठ करून मला बसता येईना. झेरॉक्सच्या दुकानाजवळ गरम कागदाचा वास आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. बाबांनी कंपनीतून कानात घालायचे पिवळे बोळे आणले, मशीनवरचे लोक वापरतात ते. मी ते घातले आणि दुपारीच काढून फेकले. आवाज बंद झाला की मागून कुणी आलं तर कळणार कसं?

बाबा माझ्यासमोर बसले. ते कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना तेलाचा, लोखंडाचा वास यायचा. लहानपणापासून मला तो आवडायचा. त्या दिवशी ते जवळ आले आणि मी खुर्ची मागे सरकवली. ते थांबले. मग दूरच बसून त्यांनी विचारलं, "माय, तुला काय होतंय ते तरी सांग."

"काही होत नाही, बाबा. होईल असं वाटतं."

"काय होईल?"

मी त्यांच्या तेलकट बाहीकडे बघत होते. बाबांनी उठून आंघोळ केली, कपडे बदलले आणि मग पुन्हा येऊन बसले. तेव्हापासून कामावरून आल्यावर आधी आंघोळ केल्याशिवाय ते माझ्या खोलीत आले नाहीत. 

मावशीने सांगितलं, हिला कुणाची तरी नजर लागलीय. आईने तसलं काही केलं नाही. संध्याकाळी वंदना म्हणताना मला शेजारी बसवायची, एवढंच. मी डोळे मिटायचे नाही. बोर्डाच्या परीक्षेला मला वर्गाच्या मधली जागा आली. मागे कितीतरी मुलं. विज्ञानाच्या पेपरला मी अर्धा वेळ मागे कोण हलतंय ते ऐकत बसले. पास झाले, पण आधीच्या मानाने मार्क फार कमी पडले. माझ्या मैत्रिणीला चांगले पडले. लोक म्हणायचे, बघा, एकाच प्रसंगातून दोघी गेल्या, पण एकीने मनाला लावून घेतलं. मलाही ते पटायचं.

अकरावीला आम्ही दोघींनी चिंचवडच्या एका कॉलेजात नाव घातलं. पावसाळा सरता सरता कळलं की भुवईला चीर असलेला तो जामिनावर सुटलाय. कुणी सांगायची गरज पडली नाही. चौकात नवा फ्लेक्स लागला होता. या वेळी गॉगल नव्हता. डोळे सरळ रस्त्याकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "वाघ परत आला."

बाबांनी त्याच आठवड्यात चऱ्होलीत भाड्याची घरं बघायला सुरुवात केली.

तो फ्लेक्स लागल्यापासून माझ्या मैत्रिणीत फरक पडला. आधी मला तो तिच्या केसांत दिसला. कमरेपर्यंतचे केस तिने कानापर्यंत कापून टाकले. "धरता येत नाहीत असे," ती म्हणाली. कबड्डी सोडली. बसमध्ये ती सॅक पाठीवर घ्यायची नाही. पोटाशी धरायची, चेन थोडी उघडी आणि उजवा हात आत. मला वाटलं, मोबाईल चोरीला जाईल म्हणून. एकदा बसमध्ये तिला डुलकी लागली आणि मला तहान लागली होती. बाटली काढायला मी तिच्या सॅकमध्ये हात घातला. तिने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की मी ओरडले. डोळे उघडे होते, पण ती मला बघत नव्हती. मग हळूहळू मी कोण ते तिला कळलं.

तोपर्यंत मी आत पाहिलं होतं. घरातलीच भाजीची सुरी होती, मोठी, मुठीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"हे काय आहे?"

"हळू बोल."

"कशासाठी?"

"तो म्हणाला होता ना, आतल्या दोघी कोण आहेत माहितीय मला. तू ऐकलंस ना? मग? वाट बघत बसायचं का?" ती खिडकीबाहेर बघत बोलत होती, बाजारात काय आणायचं ते सांगावं तशी. "तो सकाळी कुठे असतो, दुपारी कुठे असतो, कुठल्या गल्लीतून घरी जातो, सगळं माहितीय मला. येऊ दे."

"तू त्याच्या मागे जातेस?"

"बघून ठेवते फक्त."

बस थांबली, लोक चढले. तिने प्रत्येक चढणाऱ्याचे हात बघितले. मग मला विचारलं, "तुला झोप लागते का गं?"

"नाही."

"मला पण नाही. मी गॅलरीत बसून असते. आमच्या घरात कुणाला माहीत नाही."

मी त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आई हातातला ब्लाउज तसाच ठेवून वर घरमालकिणीकडे गेली, आणि मीही मागे गेले. माझ्या मैत्रिणीची आई तांदूळ निवडत होती. आईने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईंचा चेहरा ताठ होत गेला.

"सुरी असंल. आजकाल पोरींनी ठेवायलाच पायजे," त्या म्हणाल्या. "माझी पोर वाघीण हाय. तिला काय बी झालं न्हाई. सगळ्या गावानं शाल दिली तिला. भेदरलीय ती तुमची. तिला दाखवा कुठं डॉक्टरला."

"वहिनी, पोरगी झोपत नाही," आई म्हणाली.

"आमी काय आंधळं हाय का? आमच्या घरातलं आमाला कळतंय."

आई खाली आली आणि काज करत बसली. बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, मी तिच्या वडिलांशी बोलतो. वडील टेम्पो घेऊन बाहेरगावी होते. ते यायच्या आतच ते घडलं.

कॉलेज लवकर सुटलं होतं. भर दुपार, ऊन. बसमध्ये ती आमच्या स्टॉपच्या आधीच उठली. मी विचारलं, कुठे? ती उतरलीसुद्धा. दार बंद होता होता मीही उतरले आणि तिच्या मागे चालू लागले. ती वळून बघत नव्हती. चालण्यात घाई नव्हती. रस्त्याच्या कडेला भंगाराची गोदामं, मग एक गॅरेज, मग गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर. तिथं ती थांबली.

तो तिथं कामाला होता. गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, हातात पाण्याचा पाइप. फ्लेक्सवर होता त्याच्या अर्धा वाटला. पंपाचा आवाज चालू होता. त्याने एका मोटारीचं चाक धुतलं, वर बघितलं, आणि आम्ही दिसलो.

"काय पायजे?"

तिचा उजवा हात सॅकमध्ये, कोपर ताठ.

त्याने पाइप खाली टाकला. पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. तो एक पाऊल पुढे आला. "ए, काय बघती? कोण तुमी?"

 पंपाचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा झाला. बंद झाला नव्हता, मला ऐकू येत नव्हता. मला फक्त त्याचे हात दिसत होते. ते रिकामे होते. रिकामे आहेत हे दिसूनही मला पटत नव्हतं.

"ओळखलं नाहीस?" माझी मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"न्हाई."

"आतल्या दोघी."

"कुठल्या आतल्या?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं. एक आख्खं वर्ष आम्ही ज्या वाक्याला टेकून जागत बसलो होतो, ते त्याने जाता जाता टाकलं होतं आणि विसरून गेला होता. मग माझी मैत्रीण म्हणाली, "झेरॉक्सच्या दुकानातल्या." तेव्हा त्याचा चेहरा बदलला. घाबरला की चिडला ते मला सांगता येत नाही. त्याने आधी मालकाच्या केबिनकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"जा इथून," तो हळू म्हणाला. "परत इथं दिसू नका."

ती धमकी होती की विनवणी, यावर आम्ही पुढे कितीदा बोललो. तिचं म्हणणं धमकी. मला नक्की माहीत नाही.

तेवढ्यात मला तिच्या सॅकचा तळ दिसला. तिथून थेंब गळत होते, तिच्या पांढऱ्या बुटावर, आणि खालच्या पाण्यात गुलाबी होऊन वाहत होते. तोही तिकडे बघत होता. "ए, हिला काय झालंय?" तो मागे सरला. "मी काय न्हाई केलं. मी हात बी न्हाई लावला."

मी तिचा हात बाहेर काढायला गेले. तो निघेना. तिने आत मूठ धरलीच नव्हती, पातं धरलं होतं. किती वेळ धरलं होतं कुणास ठाऊक, आणि आता सोडता येत नव्हतं. मी एकेक बोट उघडलं. "सोड," मी म्हणत होते. "सोड गं. काही नाही. सोड." ती माझ्याकडे बघत होती आणि बोटं तिची नसल्यासारखी पुन्हा मिटत होती. शेवटी सुरी सॅकमध्ये पडली. मी माझी ओढणी तिच्या हाताला बांधली. तो मालकाला हाक मारत आत पळाला होता. आम्ही रिक्षा थांबवून महापालिकेच्या दवाखान्यात गेलो.

टाके घालणारी डॉक्टर तरुण होती. "कशाने लागलं?"

"काकडी चिरताना," माझी मैत्रीण म्हणाली.

डॉक्टरने तळहाताची जखम बघितली, आडवी, सगळ्या बोटांवरून गेलेली. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून उभी होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. बाहेर स्ट्रेचर भिंतीवर आदळलं तेव्हा आम्ही दोघी एकदमच दचकलो. डॉक्टरने टाके पूर्ण केले आणि म्हणाली, "आईला फोन करा. आणि वर एक मॅडम बसतात, त्यांना भेटल्याशिवाय दोघींनी जायचं नाही."

वरच्या मॅडम वयाने मोठ्या होत्या. खोलीत पंखा कुरकुरत होता. आम्हाला त्याचा त्रास होतोय हे बघून त्यांनी तो बंद केला. काय झालं ते सांगा, असं त्यांनी आल्या आल्या विचारलं नाही. जेवलात का, विचारलं. झोप लागते का, विचारलं. मग बऱ्याच वेळाने माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या, "त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवतं तुला?"

मला वाटलं, ती कोयत्याचं सांगेल. किंवा ते वाक्य.

"मी त्याला मारत होते," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या मुलाला. त्याचे डोळे मिटत होते. मी त्याच्या तोंडात मारत होते. जोरात. झोपू नये म्हणून. तो म्हणाला, मारू नको ना, दुखतंय. तरी मी मारत होते." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला होता आणि त्याच्याकडेच बघत होती. "आणि मग सगळ्यांनी मला शाल दिली."

मी तिथंच होते, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. मला तिचं "झोपू नको" ऐकू आलं होतं. चापट्या ऐकू आल्या नव्हत्या. शटरवरचे घाव माझ्या कानात अजून चालूच होते, बाहेरचे लोक गेल्यानंतरही.

माझ्या आईमागोमाग तिची आई आली. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला. मॅडमनी त्यांना सावकाश समजावलं की हा आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आहे. लहान वयात असा घाला पडला की कुणी मशीनखाली लपतं, कुणी सुरी घेऊन फिरतं, आजार एकच.

"आमच्यात असलं कुणाला झालं न्हाई कधी," त्या पुटपुटल्या.

"तुमच्यात कुणावर कोयता घेऊन कुणी आलं होतं का?"

त्या बाई लेकीच्या पट्टीवर हात ठेवायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. मग माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "म्या तुमाला वाईट बोलले." आई म्हणाली, "राहू द्या. आधी तिला पाणी द्या."

बरं होणं सरळ झालं नाही. आम्ही दोघी दर आठवड्याला जात होतो. त्या दिवसाची गोष्ट मॅडम पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या, सुरुवातीपासून, आणि दरवेळी आम्हाला वाटायचं, आज नाही जमणार. शटरचा आवाज त्यांनी मोबाईलवर ऐकवला, आधी अगदी बारीक. पुढे एका सकाळी बाजारपेठ उघडताना आमच्याबरोबर येऊन उभ्या राहिल्या. एकामागून एक शटरं वर जात होती. मी त्यांचा दंड धरून ठेवला होता. माझी मैत्रीण अर्ध्यातून निघून गेली आणि पुढचे दोन महिने आलीच नाही. मग स्वतःहून आली. बारावीआधी तिला मामाकडे राजगुरुनगरला पाठवलं. आम्ही चऱ्होलीला गेलो. तिथं भिंतीपलीकडे मशीन नव्हतं. इमारती उठत होत्या, दिवसभर ग्राइंडर चालायचे. मी सुट्टीत गच्चीवर जाऊन ते मुद्दाम ऐकत बसायचे.

बाल न्याय मंडळापुढे आम्ही दोघींनी साक्ष दिली. तोही होता, आईशेजारी बसलेला. माझ्या मैत्रिणीने सगळं सांगितलं, चापट्यांसकट. त्याने मान वर केली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर तो दुसऱ्याच एका हल्ल्यात सापडला आणि आता तुरुंगात आहे. त्याच्या वाढदिवसाला भोसरीच्या चौकात अजूनही फ्लेक्स लागतो. खालचे छोटे फोटो दरवर्षी नवे असतात, आणि दरवर्षी अधिक लहान वयाचे.

मी आता चाकणला नोकरी करते. बसमध्ये दाराकडे तोंड करूनच बसते. रावेतच्या पुलाजवळ एकदा गाडीचा टायर फुटला तेव्हा सगळे हसत होते आणि मला उतरून रस्त्याकडेला बसावं लागलं. असं वर्षातून एक-दोनदा होतं. मग जातं. जाणार हे आता मला माहीत असतं.

माझी मैत्रीण राजगुरुनगरला एका औषधाच्या दुकानात आहे. परवा तिचा फोन आला. तिच्या रस्त्यावर आदल्या दुपारी कोयते घेऊन पोरं आली होती, गाड्या फोडत. शाळा सुटायची वेळ. तिने रस्त्यावरच्या काही मुलींना आत घेतलं आणि काउंटरमागे जमिनीवर बसवलं.

"तू ठीक आहेस?" मी विचारलं.

"झोप नाही लागली. कालपासून जेवले नाही. गोळी घेतली, मॅडमशी बोलले. होईल." मग ती सांगू लागली. "त्यातल्या बाकीच्या मुली रडत होत्या. एक आठवीतली आहे, ती हसत होती. बाहेर काच फुटली की हसायची. संध्याकाळी तिच्या घरी गेले सांगायला, जरा लक्ष ठेवा म्हणून. तिची आई म्हणते, आमच्या पोरीला काय न्हाई झालं, लई धीट हाय ती."



"त्यांनी परत ये म्हटलं का?" मी विचारलं.

"नाही. दार लावून घेतलं."

रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने मी राजगुरुनगरला जाणार आहे. तिथून आम्ही दोघी मिळून त्या घरी जाऊ.